यंत्र बोलते, पण शिवार पाहिले कोणी?

(जिल्हा बैठकीतील भाषण. कार्यकर्त्यांच्या मागणीवरून छापले आहे.)



कापसाच्या भावाचा विषय सोडून हा माणूस मोबाईलवर काय बोलत बसला, असे काही चेहऱ्यांवर मला दिसते आहे. भावाचा विषय दुपारी आहेच. पण गेल्या हंगामात ज्या ज्या गावात गेलो तिथे एक नवी गोष्ट पाहिली, तिच्याबद्दल आज बोललो नाही तर पुढे उशीर होईल.

पूर्वी पोरगा कपाशीचे पान खुडून कृषी सेवा केंद्रात न्यायचा. आता तो पानाचा फोटो काढून मोबाईलमधल्या यंत्राला विचारतो. घरची सून बचत गटाचा अर्ज त्याच यंत्राकडून लिहून घेते. कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी प्रकल्पाचा अहवाल त्याच्याकडून लिहून घेतो आणि तो तपासायला घेतलेले गुरुजीही कधीमधी त्याच यंत्राला म्हणतात, बाबा, वाचून सांग यात काय आहे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्याआधी यातले काहीही आपल्या घरात नव्हते. इतक्या थोड्या वर्षांत ट्रॅक्टरसुद्धा गावात आला नव्हता.

याला जनरेटिव्ह एआय म्हणतात. मी आपले 'लिहिणारे यंत्र' म्हणतो. ते चित्र काढते, आवाजाची नक्कल करते, पण त्याचा मुख्य धंदा लिहिण्याचा.

हे यंत्र करते काय?

तुम्हाला मी 'मृगाचा' एवढाच शब्द दिला तर तुमच्या तोंडी पुढे 'पाऊस' येईल, नाहीतर 'किडा' येईल. 'हप्ता' येणार नाही. का? तर जन्मभर तुम्ही हे शब्द जसे एकामागून एक ऐकले तसेच ते मनात बसले आहेत. हे यंत्र एवढेच करते. जगात जे जे लिहून संगणकावर चढवले गेले त्यातले अफाट लिखाण त्याला वाचायला दिले, आणि कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे त्याच्या आत आकड्यांत बसवले. तुम्ही प्रश्न विचारला की ते शब्दामागून शब्द जुळवत जाते. या रचनेचा पाया घालणारा निबंध २०१७ साली गुगलच्या संशोधकांनी लिहिला, तो भाषांतराचे यंत्र सुधारण्यासाठी.

म्हणजे ते मूर्ख आहे असे मी म्हणत नाही. शब्द जुळवता जुळवता त्याला हिशेब जमतो, कायद्याचे कलम समजावता येते, अवघड इंग्रजी पत्राचा सोप्या मराठीत अर्थ सांगता येतो. माझे म्हणणे एवढेच की ते बोलते ते लिहिलेल्यातून. त्याने शेत पाहिलेले नाही. आणि जिथे त्याला माहिती आहे तिथे त्याचा जो सूर, जिथे नाही तिथेही तोच सूर. आपला माणूस अडला की चाचरतो, डोके खाजवतो, 'बघून सांगतो' म्हणतो. त्यावरून आपण ओळखतो की याला ठाऊक नाही. यंत्र चाचरत नाही. पुष्कळ यंत्रे आता 'तज्ज्ञाचा सल्ला घ्या' अशी एक ओळ खाली जोडतात. ती ओळ बरोबर उत्तराखालीही असते आणि चूक उत्तराखालीही.

घरातला उपयोग

चांगले आधी सांगतो, कारण नवे यंत्र आले की त्याला शिव्या घालायच्या ही रीत आपली नाही. बँकेचे इंग्रजी पत्र घेऊन तालुक्याला जायचे, तिथे कोणाला तरी पन्नास-शंभर रुपये देऊन वाचून घ्यायचे, हे आपण वर्षानुवर्षे केले. नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई वारसनोंदीच्या अर्जासाठी टायपिंगवाल्याच्या दारात तीन-तीन दिवस बसायची. आज तिची शाळकरी मुलगी तोंडाने बोलून तो अर्ज तयार करते. भूसंपादनाची नोटीस काय म्हणते, मुदत किती, हरकत कोणाकडे घ्यायची, हे कळायला वकिलाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. वकिलाकडे पुढे जावे लागतेच, पण जाताना आपण आंधळे नसतो. याला मी लहान गोष्ट समजत नाही.

पण याच अर्जात यंत्र कलमाचा नंबर घालते तो एकदा पडताळून पाहा. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात यंत्राने दिलेले जुने निवाडे दाखल केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. यंत्राने नावे, तारखा, सगळे रचून दिले होते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. तो दंड वकिलांनी भरला, यंत्राने भरला नाही.

आता पिकाकडे येतो. मागच्या वर्षी एका गावी बैठक संपल्यावर एक तरुण माझ्याकडे आला. कपाशी लाल पडली होती. त्याने यंत्राला विचारले होते, 'कपाशीची पाने लाल झाली, काय फवारू?' उत्तर आले : मॅग्नेशियमची कमतरता, मॅग्नेशियम सल्फेट फवारा. उत्तर वाचायला देखणे होते. ते पुस्तकातही आहे. पण लाल्या हे एका दुखण्याचे नाव नाही, हे इथल्या म्हाताऱ्यांना मी सांगायला नको. जमीन हलकी आणि बोंडे भरायच्या वेळी पावसाने ताण दिला तरी पान लाल होते. थंडीची चाहूल लागून रात्रीचे तापमान उतरले तरी होते. नत्र कमी पडले तरी होते, मॅग्नेशियम कमी पडले तरी होते. आणि तुडतुड्यांनी रस शोषला तर आधी कडा पिवळ्या पडून पान वळते, मग लाल होते. आम्ही शेतात गेलो, पान उलटे केले. तुडतुडे तिरके पळाले. यंत्राने 'पान उलटे करून पाहिले का' हे विचारले नव्हते. विचारावे असे त्याला आपण सांगितले तर ते विचारते, हेही मी नंतर करून पाहिले. म्हणजे चांगले उत्तर मिळवायला चांगला प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि तसा प्रश्न ज्याला विचारता येतो त्याला निम्मे उत्तर आधीच ठाऊक असते. नवख्याचे हाल होतात ते इथे.

फवारणीबाबत तर मी फार कडक बोलणार आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर तरी औषधाच्या प्रमाणाचा खेळ कोणी करू नये. विद्यापीठाच्या शिफारशी बहुधा दहा लिटर पाण्याला दिलेल्या असतात. आपल्या पाठीवरचा पंप पंधरा, सोळा, वीस लिटरचा असतो. यंत्र कधी लिटरला सांगते, कधी एकराला, कधी परदेशातले हेक्टरचे प्रमाण उचलते, आणि कोणता पंप आहे हे न विचारता आकडा देते. शिवाय त्याचे वाचन शिळे असू शकते. डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल या तीन औषधांवर केंद्र सरकारने २०२३ च्या आदेशाने बंदी घातली. पण त्याआधीची कितीतरी वर्षे ही नावे शिफारशींत, पुस्तकांत, लेखांत छापली जात होती. यंत्राने वाचलेल्या ढिगात बंदीचा आदेश एक आणि शिफारशी हजार. यंत्राचा कौल कुठे झुकेल हे तुम्हीच सांगा. काही यंत्रे आता ताजी माहिती शोधून उत्तर देतात, त्यांचे बरे असते. तरी डब्यावरचे लेबल आणि घडीपत्रक यापलीकडे जाऊन कोणाचाही आकडा मानू नका, यंत्राचाही नको आणि दुकानदाराचाही नको.

शिळ्या माहितीचे दुसरे उदाहरण तुमच्या पैशाचे आहे. एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. मधल्या दोन वर्षांत त्यावर एवढे छापून आले की यंत्राला विचारले तर ते अजूनही एक रुपया सांगून बसण्याची शक्यता आहे. विश्वास ठेवून कोणी मुदत घालवली तर भरपाई कोण देणार?

आवाजाच्या नकलेबद्दल एकच सांगतो. मुलाच्या आवाजात फोन आला, 'बाबा, अपघात झाला, पैसे पाठवा', तर फोन ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरावर स्वतः लावा. एवढे केले तरी पुरे.

कोरडवाहूचे पान कोरे का?

तुम्ही म्हणाल, यंत्र दिवसेंदिवस सुधारते आहे, आज चुकते ते उद्या चुकणार नाही. खरे आहे, सुधारते आहे. पण ते कशाने सुधारते हे पाहिले पाहिजे. आज माझा मुख्य मुद्दा हाच आहे.

२०२५ चा पाऊस आठवा. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो मुंबईत नोंदलेला नव्हता. जमीन भिजली, हात शिवशिवले, अनेकांनी सरकी टोबली. आणि मग तो जूनच्या मध्यापर्यंत अडून बसला. दुबार पेरणी कोणाकोणावर आली हे मी इथे हात वर करायला सांगत नाही. त्याच खरिपात केंद्र सरकारने १३ राज्यांच्या काही भागांतील ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर संदेश पाठवले होते, पाऊस केव्हा लागून धरेल याचे. ते अंदाज एआयच्या नमुन्यांतून काढलेले होते : गुगलचा न्यूरलजीसीएम आणि युरोपीय हवामान केंद्राचा एआयएफएस. मधला खंड त्या अंदाजांनी आधी ओळखला होता. हे यंत्र लिहिणारे नव्हे, हवामानाचे; पण जात तीच, जुन्या नोंदींतून शिकणारी. ते बरोबर का ठरले? कारण त्याच्या पाठीशी भारतीय हवामान विभागाच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी होत्या. सव्वाशे वर्षे रोज सकाळी कोणीतरी उठून पर्जन्यमापकातले पाणी मोजले. इंग्रज गेले, राज्ये बदलली, त्या माणसांची नावे कोणाला माहीत नाहीत. पण त्यांनी मोजून वहीत लिहिले.

दुसरे उदाहरण शास्त्रातले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. शेवटच्या दोघांनी अल्फाफोल्ड नावाचे यंत्र केले, जे प्रथिनाच्या रेणूची घडी कशी असेल हे सांगते. एक घडी प्रयोगशाळेत शोधायला एकेका संशोधकाची वर्षे जात. यंत्राने कोट्यवधी घड्या मांडल्या. मोठे काम आहे, उद्या पिकांच्या रोगांवर त्याचा उपयोग होईल. पण हे यंत्र शिकले कशावर? १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी एकेक घडी प्रत्यक्ष मोजून एका सामाईक कोठारात जमा केली होती, त्यावर.

ज्याचे मोजमाप आधी कोणीतरी करून ठेवले त्याचेच यंत्र चांगले चालते. मग आता आपल्या शिवाराकडे बघा. बारामतीला उसावर एआयचे प्रयोग झाले, मायक्रोसॉफ्ट त्यात आहे. तिथे पाणी आहे, जमिनीत संवेदक पुरता येतात, कारखान्याकडे टनेजचा हिशेब आहे. ते करोत, आपली तक्रार नाही. पण मुरमाड उताराच्या चार एकरांत कपाशीच्या सहा ओळींमागे तूर टाकणाऱ्याची नोंद कुठे आहे? मालदांडीच्या कडब्यासाठी धान्याचे उत्पन्न कमी पडले तरी चालते, असा हिशेब करणाऱ्या माणसाचे अर्थशास्त्र कुठे लिहिले आहे? संगणकावरच्या जगाच्या लिखाणात मराठीचा वाटा एका टक्क्याच्याही खाली आहे. त्यात शेतीचे किती, त्यात कोरडवाहूचे किती? 'ज्वारीवर चिकटा पडला' म्हटले की इथल्या बाईला मावा कळतो. एकाच किडीची, एकाच तणाची नावे दर तीस कोसांवर बदलतात आणि ती कोणत्याच कोशात नाहीत.

राज्य सरकारने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले, ५०० कोटी रुपयांची तरतूद सांगितली. महाविस्तार नावाचे ॲप आले, ते मराठीत उत्तर देते. वापरा, जरूर वापरा. परक्या यंत्रापेक्षा ज्याच्यामागे विद्यापीठांच्या शिफारशी आहेत ते बरे. पण शिफारशीही अखेर प्रक्षेत्रावरच्या असतात. अकोल्याच्या किंवा परभणीच्या प्रक्षेत्रावरचा काळा थर आणि तुमच्या टेकडीखालचा तुकडा एक नाही. पूर्वी ही फट कोण भरायचे? गावात येणारा माणूस, ज्याला आपण अजून कृषी सहायकच म्हणतो. ॲप आले म्हणून त्याची फेरी बंद झाली तर फट तशीच राहील, आणि कागदावर मात्र लिहिलेले असेल की सल्ला मिळाला.

विद्यापीठात काय चालले आहे?

हा भाग तुम्हाला दूरचा वाटेल. मी कृषीची पदवी घेतली तेव्हा मलाही संशोधन म्हणजे आपल्याहून वरचे काहीतरी वाटायचे. पण शेवटी तुमच्या वाणाची शिफारस, खताची मात्रा, सरकारचे धोरण हे सगळे तिथूनच खाली येते. वर विहिरीत काही पडले तर ते पाटात येणारच.

संशोधकालाही यंत्राचा खरा उपयोग आहे. आमच्याकडच्या हुशार पोरांचे काम इंग्रजीपायी अडायचे. प्रयोग चांगला, आकडे चोख, आणि निबंध परत येई, भाषा सुधारा म्हणून. आता ती अडचण गेली. शेकडो निबंधांतून हवे ते शोधायला, आकडेमोडीची आज्ञावली लिहायला यंत्र मदत करते. किती वापर होतो? वैद्यक आणि जीवशास्त्राच्या दीड कोटीहून अधिक सारांशांतली भाषा तपासून २०२५ मध्ये काही संशोधकांनी दाखवले की २०२४ सालच्या सारांशांपैकी निदान १३.५ टक्क्यांवर यंत्राचा हात फिरला आहे. विशिष्ट शोभेचे शब्द एकाएकी वाढले, त्यावरून ओळखले. भाषा सुधारली असेल तर त्यात पाप नाही.

पाप पुढे सुरू होते. २०२३ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात एक तपासणी आली. यंत्राला निबंध लिहायला सांगून त्याने खाली दिलेले संदर्भ पडताळले. जुन्या चॅटजीपीटीचे ५५ टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते, त्याच्या पुढच्या आवृत्तीचे १८ टक्के. सुधारणा झाली हे खरे, पण शंभरातली अठरा पोती रिकामी असलेला माल तुम्ही बाजार समितीत उतरवून घ्याल का?

आणखी एक गंमत सांगतो, गंमतच म्हणायची. १९५० च्या दशकातले जीवाणूशास्त्राचे काही जुने लेख संगणकावर चढवताना पानावरचे दोन रकाने एकमेकांत मिसळले. डावीकडच्या रकान्यातला 'व्हेजिटेटिव्ह' आणि उजवीकडचा 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' जोडले जाऊन एक शब्द जन्मला : व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी. अशी कोणतीही पद्धत जगात नाही. 'शाकाहारी दुर्बीण' म्हणण्यासारखे आहे ते. पण हा शब्द यंत्रांच्या पोटात गेला, आणि वीसहून अधिक छापील शोधनिबंधांत तो सापडला. लिहिणाऱ्याने पाहिले नाही, तपासणाऱ्याने पाहिले नाही, संपादकाने पाहिले नाही. २०२४ मध्ये एका निबंधाची सुरुवातच 'जरूर, तुमच्या विषयासाठी ही एक प्रस्तावना' अशा अर्थाच्या यंत्राच्या वाक्याने झाली आणि तशीच छापली गेली. २०२५ च्या जुलैत आणखी पुढचे निघाले : ८ देशांतल्या १४ संस्थांच्या १७ निबंधांत पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत, माणसाला दिसू नये अशी, सूचना दडवलेली होती, की फक्त चांगलाच अभिप्राय द्या. ही सूचना कोणासाठी? तपासणारा माणूस निबंध न वाचता यंत्राला देणार हे लिहिणाऱ्याला माहीत होते, म्हणून त्या यंत्रासाठी. यंत्राने लिहायचे, यंत्राने तपासायचे, आणि पदवी व बढती माणसाने घ्यायची, असा हा व्यवहार.

आणि हे सगळे लिखाण पुन्हा संगणकावर चढते. पुढचे यंत्र तेच वाचून शिकते. २०२४ च्या जुलैत 'नेचर'मध्ये एक निबंध आला. यंत्राला यंत्राचेच लिखाण खायला घालत गेले तर काय होते ते त्यात दाखवले आहे. आधी विरळ गोष्टी गळतात, आणि पिढ्या वाढल्या की शेवटी नुसती बडबड उरते. आपल्यातला कोणी म्हणेल, संकरित सरकीचे बी दुसऱ्या वर्षी लावल्यासारखे झाले. तसे नाही. तिथे झाडे विस्कळीत होतात, एक उंच, एक बुटके, एक लवकर, एक उशिरा. इथे त्याच्या उलट. दरवर्षी खळ्यातली तेवढीच टपोरी, एकसारखी कणसे बियाला काढत गेलात, तर पाखरांना न सापडणारे मोकळे कणीस, ताणात तग धरणारे बारके कणीस, ही सगळी हळूहळू वाणातून निघून जातात, आणि ज्या वर्षी दुष्काळ पडतो त्या वर्षी त्यांची आठवण येते. कोरडवाहू शेती जमिनीवर विरळ नाही, देशाची जवळपास निम्मी पेरणी पावसावरच आहे. ती विरळ आहे लिखाणात. गळायला सुरुवात झाली की पहिला नंबर तिचा.

आपल्या जागी दुसराच शेतकरी

आता सगळ्यात महत्त्वाचे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग छापला. वय, जात-वंश, मिळकत, राजकीय कल असे वर्णन देऊन त्यांनी यंत्राला सांगितले, तू हा माणूस आहेस असे समज, आणि मग मतदानाचे प्रश्न विचारले. उत्तरे खऱ्या पाहणीतल्या लोकांशी बरीच जुळली. तिथल्या पाहण्या मोठ्या आणि जुन्या, म्हणून जुळली. त्यानंतर ही कल्पना पसरली, की माणसांना विचारत हिंडण्याचा खर्च कशाला, यंत्रालाच विचारू.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो? हमीभाव ठरतो त्यामागे उत्पादन खर्चाचे आकडे असतात. १९७०-७१ पासून केंद्राची योजना आहे, कृषी विद्यापीठांमार्फत निवडक गावांत निवडक शेतकऱ्यांच्या घरी माणूस जातो आणि मजुरी, बैलजोडी, बियाणे, खत यांची वर्षभर नोंद ठेवतो. या आकड्यांशी आपले भांडण जुने आहे. घरच्या बाईची मजुरी कमी धरतात, हमीभाव ठरवताना स्वतःच्या जमिनीचा खंड धरत नाहीत, व्यवस्थापनाचे काहीच धरत नाहीत. पण ते भांडण आपण करू शकतो, कारण समोर वही आहे. अमुक गाव, अमुक दिवस, इतक्या बाया निंदणीला. चूक दाखवता येते. उद्या कोणी म्हणाला की जागा रिकाम्या आहेत, माणसे भरत नाही, मधली कोरी पाने यंत्राकडून अंदाजाने भरून घेऊ, तर आपण भांडणार कोणाशी? यंत्रातला तो शेतकरी कधी आजारी पडत नाही, त्याच्या बैलाला लंपी होत नाही, त्याला वेचणीला बाया मिळाल्या नाहीत असे होत नाही. तो सरासरीचा शेतकरी. त्याच्या खर्चावर तुमचा भाव ठरेल.

हे आज झाले आहे असा आरोप मी करत नाही. पण छोट्या प्रमाणावर त्याची सुरुवात आपल्या ओसरीवरच होते. दर पावसाळ्यात कृषी महाविद्यालयांची मुलेमुली गावात येतात, कृषिदूत आणि कृषिकन्या. प्रश्नावली भरतात. पूर्वीही काही जण पारावर बसून वीस फॉर्म एका हाताने भरत, ते आपण पाहिले आहे. पण त्याला निदान डोके चालवावे लागे, आणि नजर होती तर खोटे ओळखू येई. आता पन्नास शेतकऱ्यांची उत्तरे पाच मिनिटांत तयार होतात, प्रत्येकाची वेगळी, अगदी खरी वाटणारी. तोच तक्ता प्रबंधात जातो, प्रबंधातून निबंधात, निबंधातून शिफारशीत.

म्हणून या बैठकीपुढे मी काही कामे ठेवतो.

गावात पाहणीला मुले आली तर त्यांना चहा पाजा, शेतात न्या, पान उलटे करायला लावा. आणि भरलेल्या प्रश्नावलीची एक प्रत गावात ठेवून घ्या. प्रत द्यायला जे कचरतील त्यांची नावे महाविद्यालयाला कळवू. मुलांवर राग धरू नका, तीही आपलीच लेकरे आहेत.

विद्यापीठांकडे आपण लेखी मागणी करणार आहोत : प्रक्षेत्रावरचे प्रयोग जे फसले, ज्या वाणाने कोरडवाहूत मार खाल्ला, त्यांचेही आकडे मराठीत छापा. यशाचे तेवढेच छापले तर यंत्रही यशाचेच शिकेल. आणि उत्पादन खर्चाच्या पाहणीत मोजलेले आकडे कोणते आणि अंदाजाने भरलेले कोणते, हे वेगळे दाखवा.

तिसरे काम घरचे. प्रत्येक गावात निदान पाच जणांनी वही धरायची. फार काही लिहायचे नाही. पाऊस किती पडला (पर्जन्यमापक नसेल तर सरळ काठाच्या डब्यात पट्टी बुडवून मिलिमीटर लिहा, डबा छपराच्या पागोळीखाली नको), जमीन हलकी की भारी, पेरले कधी, उगवले कधी, कोणती कीड कधी दिसली आणि तिला गावात काय म्हणतात, काय फवारले, कोणत्या मापाच्या पंपाने, मजूर किती, मजुरी किती, कापूस किती वेचणीत किती निघाला, भाव काय मिळाला. बायकांनी लिहिली तर उत्तम, निंदणी-वेचणीचा हिशेब त्यांच्याच डोक्यात असतो. यंत्राला काही विचारले असेल तर ते उत्तरही लिहा आणि पुढे पिकाचे काय झाले तेही लिहा. दोन हंगाम असे केले तर यंत्र कुठे कामाचे आणि कुठे नाही, हे आपण तालुक्यागणिक सांगू शकू.

या वह्या आपल्या राहतील. कंपनी मागायला येईल, ॲपवाला येईल, म्हणेल फोटो काढून टाका, फुकट सल्ला देतो. द्यायच्या की नाही, कोणत्या अटींवर द्यायच्या, हे गावसभेत ठरवू, एकेकट्याने परस्पर देऊ नये. ज्याच्याकडे नोंद त्याच्याकडे सौदा करायची ताकद, हे आपण कापसाच्या गाठीवरून शिकलो आहोत.

वहीचा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना गावाचे नाव सांगून घेऊन जा. ज्वारीवाल्यांसाठी रब्बीचे पान वेगळे आहे, त्यात कडब्याच्या पेंढ्यांचा रकाना घातला आहे. खरिपाच्या वह्या दिवाळीनंतरच्या तालुका बैठकीत आणायच्या आहेत, कोऱ्या राहिल्या असल्या तरी आणा.